मधल्या स्टेशनावर

कडोदऱ्याला रेल्वे स्टेशन नाही. आहे तो चार रस्ता. दिल्लीहून चेन्नईला जाणारा महामार्ग गावाला चिरत जातो, त्याला सुरतेकडून आलेला रस्ता येऊन मिळतो आणि बारडोलीकडे निघालेला रस्ता पुढे धुळ्याच्या वाटेला लागतो. या चौकात उभं राहिलं की माणूस कुठेही जाऊ शकतो. म्हणूनच की काय, इथलं जवळपास कुणीच इथलं नाही. कुणी ओडिशातल्या गंजामचा, कुणी उत्तर प्रदेशातला, कुणी बिहारचा, आणि आम्ही खानदेशी. कुणी लूमखात्यात, कुणी डाइंगच्या मिलमध्ये, कुणी एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर. रविवारी संध्याकाळी चार रस्त्यावर भाजी घ्यायला गेलं की भाजीवाला गुजरातीत भाव सांगतो, गिऱ्हाईक हिंदीत घासाघीस करतं आणि शेवटी पिशवी धरलेली बाई नवऱ्यावर अहिराणीत रागावते.

रेल्वेसाठी शेजारच्या चलथाणला जायचं. साखर कारखान्याचं गाव. गळिताच्या दिवसांत स्टेशनाच्या वाटेवर उसाचे ट्रॅक्टर लागतात आणि हवेत मळीचा वास असतो. चलथाण सुरत-भुसावळ मार्गावर आहे. सुरतेचे जुने लोक या मार्गाला अजून ‘ताप्ती लाइन’ म्हणतात, कारण 1900 च्या सुमारास तो सुरतेपासून अमळनेरपर्यंत बांधला तो ‘ताप्ती व्हॅली रेल्वे’नं. किलिक निक्सन या मुंबईच्या कंपनीच्या कारभाराखालची ही रेल्वे. नावात नदी असली तरी सुरतेपासून जळगावपर्यंत ही गाडी तापी एकदाही ओलांडत नाही. नदी उत्तरेला, रूळ दक्षिणेला, आणि दोघी शेजारणी एकमेकींच्या घरी पाऊल न टाकता सव्वाशे वर्षं सुखानं नांदताहेत.

या लाइनीनं आमच्या पिढ्या गावी गेल्या आणि परत आल्या. आखाजीला, दिवाळीला, लगनसराईत, कुणाच्या दहाव्याला. पण इतक्या वेळा जाऊन आम्हाला माहीत आहेत ती तिची दोन टोकं. या टोकाला उधना, त्या टोकाला जळगाव. मधे काय आहे असं विचारलंत तर उत्तर येतं, ‘मधे? मधे झोप लागते.’ रात्रीची गाडी पकडायची, वरच्या बर्थवर पिशवी उशाला घेऊन आडवं व्हायचं, चहावाल्याच्या आरोळीनं जाग आली तर नंदुरबार आलंय असं समजायचं आणि कूस बदलायची. हल्ली निम्मे लोक खासगी बसनं जातात, तिथे तर काचेवर पडदाच असतो.

माझ्या लहानपणी मात्र मधलं जग आपोआप दिसायचं, आणि त्याचं श्रेय आमच्या जिज्ञासेला नव्हे, एकेरी रुळाला होतं. समोरून गाडी येत असली की आमची पॅसेंजर कुठल्या तरी छोट्या स्टेशनात बाजूला उभी राहायची. याला सगळे ‘क्रॉसिंग पडलं’ असं म्हणायचे. क्रॉसिंग पडलं की डब्यातला अर्धा गाव खाली उतरायचा. कुणी नळावर बाटली भरी, कुणी लिंबाच्या सावलीत पान लावी, कुणी शेजारच्या डब्यात नातेवाईक शोधी आणि बहुतेक वेळा त्याला तो सापडेही. माझ्या माहितीतलं एक लग्न अशाच क्रॉसिंगमध्ये जमलेलं आहे. मुलीचा बाप पाणी भरायला उतरला होता, मुलाचा मामा विडी ओढायला. समोरची गाडी धडधडत निघून जाईपर्यंत गोत्रं, शेतं आणि देणं-घेणं इथपर्यंत मजल गेली होती. थोडक्यात, थांबे रेल्वेच ठरवायची आणि ते तिकिटाच्या पैशांतच मिळायचे.

मग उधना ते जळगाव हा 306 किलोमीटरचा मार्ग दुहेरी झाला, वर विजेच्या ताराही आल्या. 2018 मध्ये ते काम पुरं झालं. चांगलंच झालं. गाड्या वाढल्या, वेळ वाचला. पण क्रॉसिंग गेलं. आता समोरून येणारी गाडी बाजूच्या रुळावरून सुसाट निघून जाते. कुणाला कुणासाठी थांबावं लागत नाही, त्यामुळे थांबायचं असेल तर आपणच बेत करावा लागतो. आणि बेत करायचा म्हटला की घरच्या मंडळींना विश्वासात घ्यावं लागतं. खरी अडचण तिथून सुरू होते.

‘या खेपेला गावाला उतरत उतरत जाऊ,’ असं मी जेवताना म्हणालो. आईनं ताटातून मान वर केली. ‘काबरं रे? गाडी खराब शे का?’ तिच्या हिशेबानं मधल्या स्टेशनावर माणूस उतरतो तो दोनच कारणांनी, गाडी बिघडली किंवा माणूस आजारी पडला. बायकोनं विचारलं, ‘म्हणजे सामान घेऊन?’ हा प्रश्न पुढचे कित्येक दिवस आमच्या घरात फिरत राहिला. मुलानं मोबाइलवरून डोळे न काढता सांगितलं की गाडीनं सरळ गेलं तर आपण दुपारी पोचतो, उतरत गेलं तर परवा, तेव्हा यात फायदा काय? शेजारचे नाना तेवढे खूश झाले. नाना मिलमधून निवृत्त. कलर मास्तर होते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आधी प्रमाण काढायची सवय. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, ‘आधी रेल्वेचा नियम पाहू.’

नियम असा. पाचशे किलोमीटरांपेक्षा लांबचं तिकीट असेल तर वाटेत एकदा उतरता येतं, हजाराच्या वर असेल तर दोनदा. उतरल्यावर दोन दिवस राहता येतं, त्यात यायचा आणि निघायचा दिवस धरायचा नाही. पण पहिला थांबा घ्यायचा तो पाचशे किलोमीटर पार केल्यावरच. राजधानी, शताब्दी वगैरे गाड्यांना ही सवलत नाही. नानांनी हे मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढला. ‘आपलं जळगाव तीनशेवर संपतं. म्हणजे रेल्वेच्या मते आपल्याला दमायचा हक्क नाही.’ मग त्यांना वर्तुळ प्रवासाचं तिकीट सापडलं. जिथून निघालात तिथेच परत यायचं, वाटेत आठ ठिकाणी उतरायची मुभा. नाना हरखले. कागद घेऊन त्यांनी चलथाण, जळगाव, नागपूर, तिथून हैदराबाद, मग सोलापूर, पुणे, मुंबई आणि परत सुरत असा देशाचा मोठा घेर काढला. आई म्हणाली, ‘आणि आपलं गाव?’ घेर काढता काढता गाव राहून गेलं होतं.

याच सुमारास नानांनी दुसरं एक गणित मांडलं. कडोदऱ्याजवळ अंत्रोलीला बुलेट ट्रेनचं सुरतचं स्टेशन होतंय. मुंबई-अहमदाबाद हा सगळा मार्ग 508 किलोमीटरांचा. ‘पाचशेच्या वर आहे,’ नाना बोट वर करून म्हणाले, ‘म्हणजे जुन्या नियमानं एक थांबा बसतो. पाचशे पार करून, शेवटच्या आठ किलोमीटरांत.’ ताशी तीनशे वीसच्या वेगानं धावू शकणाऱ्या गाडीत आठ किलोमीटर म्हणजे दीड मिनिट. त्या दीड मिनिटात उतरून दोन दिवस राहायची नानांची तयारी होती. ही गाडी तो नियम मानणार नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. माणसाला निवृत्तीनंतर एवढं तरी मिळावं.

शेवटी सोपा मार्ग निघाला, आणि तो पूर्वीपासून समोरच होता. पॅसेंजरचं, हल्लीच्या भाषेत मेमूचं, जनरलचं तिकीट काढायचं. चलथाण ते सोनगड एक, सोनगड ते नवापूर दुसरं, नवापूर ते नंदुरबार तिसरं. तुकड्या-तुकड्यांनी काढलं म्हणून थोडं जास्त पडेल, पण त्या जास्तीच्या पैशांत, बरोबर निघालेल्या नानांना धरून, आम्हा पाच जणांचा चहाही होत नाही. आरक्षण नको, शिक्का नको, पाचशेची अट नको. मुंबईच्या एखाद्या प्रवासी कंपनीनं याला ‘निसर्गरम्य रेल्वे सहल’ असं नाव देऊन माणशी काही हजार लावले असते. जगात असे प्रवास प्रसिद्ध आहेतच. मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला जाणारी सैबेरियातली लाइन नऊ हजार किलोमीटरांहून लांब आहे आणि शहाणे प्रवासी ती एका दमात करत नाहीत, इर्कुत्स्कला उतरून बैकाल सरोवर पाहतात. वर्षभर आधी नकाशे पसरून बेत करतात म्हणे. आमचा बेत आठ दिवस चालला आणि त्यातले बरेचसे सामानावर गेले.

कारण सामान. गावी रिकाम्या हातानं जाणारा सुरतेचा माणूस अजून जन्माला यायचाय. ज्यानं-त्यानं साडी मागितलेली असते, कुणाला ड्रेसचं कापड, कुणाला पडद्याचं. सरळ जाणाऱ्या माणसाला हे बोचकं एकदा चढवायचं आणि एकदा उतरवायचं. उतरत जाणाऱ्याला ते प्रत्येक स्टेशनावर वागवायचं. मी म्हटलं, मोठ्या स्टेशनात क्लोक रूम असते, तिथे ठेवू. नानांनी नियम वाचला. क्लोक रूमला कुलूप लावलेलंच सामान चालतं. आईच्या सामानात एक कापडी पिशवी, एक दोरीनं बांधलेला खोका आणि एक लाडवांचा डबा. यांतल्या कशाला कुलूप लावणार? आईनं सगळ्यांकडे पाहिलं आणि जाहीर केलं की डबा मांडीवर राहील. तो शेवटपर्यंत मांडीवर राहिला. साड्यांचं बोचकं मात्र बायकोच्या भावासोबत बसनं पुढे पाठवलं. थांब्यांच्या बेतातला हाच एक शहाणपणाचा निर्णय आणि तो बायकोचा.

दुसरा वाद खिडकीचा. सुरतेकडून निघाल्यावर उजवीकडे दक्षिण, डावीकडे उत्तर. सोनगड-नवापूरच्या पट्ट्यात उजवीकडे डांगाच्या डोंगरांची कड लागते. नंदुरबार सोडल्यावर हवा स्वच्छ असेल तर डावीकडे, तापीच्याही पलीकडे, सातपुड्याची निळी रेघ दिसते. तेव्हा आधी उजवी खिडकी, मग डावी, अशी अदलाबदल मी सुचवली. जनरलच्या डब्यात असं ठरवणं म्हणजे पावसाला वेळ देण्यापैकीच. पण सकाळच्या गाडीत, बारडोली सोडल्यावर, जागा मिळते. मिळाली.

आणि खिडकी मिळाली की तीनशे किलोमीटरांत जमीन किती कपडे बदलते ते कळतं. चलथाणपासून बारडोलीपर्यंत नुसता ऊस. थंडीत याच शेतांत ऊसतोड चाललेली असते आणि कोयते चालवणारी पुष्कळ कुटुंबं असतात ती धुळे-नंदुरबारचीच, म्हणजे आमच्याच लाइनीनं आलेली. आम्ही मिलमध्ये, ते शेतात. व्यारा आलं की भातखाचरं. सोनगडच्या पुढे साग, मोह, पळस, मधे मधे कौलारू घरं. नवापूर ओलांडून पुढे गेलं की माती काळी होत जाते, कापूस आणि मिरची दिसू लागते. शिंदखेड्याच्या बाजूला पाऊस हात आखडता घेतो, रान उघडंबोडकं होतं, बाभळी आणि दगड. जळगावजवळ पुन्हा पाणी, पुन्हा हिरवं, केळीचे बाग. एका दिवसात हे सगळं पाहायला माणसाला जागं असावं लागतं, बाकी पात्रता लागत नाही.

बारडोलीला उतरावं की नाही यावर फार वेळ घालवला नाही. 1928 चा सत्याग्रह इथला. सारावाढीविरुद्ध शेतकरी उभे राहिले आणि वल्लभभाई पटेलांना ‘सरदार’ ही पदवी इथूनच चिकटली. स्वराज आश्रम पाहण्यासारखा आहे. पण कडोदऱ्याहून बारडोली म्हणजे शेजार. इतक्या जवळ उतरणं आईला पटेना. ‘शेजाऱ्याकडे पाहुणा म्हणून काय जायचं?’ मुलाला पातऱ्यात, म्हणजे अळूवड्यांत, रस होता. गाडी थांबली तेव्हा त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला, पण ती तेवढा वेळ थांबली नाही.

सोनगड मात्र मी आधीपासून डोक्यात धरून होतो. स्टेशनाचं नाव ‘उकाई सोनगड’. उकाई म्हणजे 1972 मध्ये पुरं झालेलं तापीवरचं मोठं धरण, सुरतेच्या पुरांचं आणि पाण्याचं भवितव्य त्याच्या दरवाजांवर ठरतं. आणि सोनगड म्हणजे स्टेशनाबाहेर आल्यावर डोंगरावर दिसणारा किल्ला. बडोद्याच्या गायकवाडांचं नाव घेतलं की आपल्याला लक्ष्मी विलास राजवाडा आठवतो. पण बडोदा नंतरचं. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकात आपलं ठाणं मांडलं ते इथे, या जंगलात. मराठी माणूस नोकरीसाठी गुजरातेत यायला लागला तो काही आमच्या मिलपासून नाही, एवढंच मी नानांना म्हणालो. नाना म्हणाले, ‘त्यांना क्वार्टर चांगलं मिळालं.’

किल्ला चढायला सोपा नाही आणि आई खालीच बसली, डबा मांडीवर घेऊन. वर तटाचे अवशेष आहेत, वारा आहे आणि खाली पसरलेलं रान. पावसाळ्यात इथून उठवत नाही. मुलगा तिथे अर्धा तास मोबाइल न पाहता बसला. कारण रेंज नव्हती, हे त्यानं नंतर सांगितलं. पण कारण काहीही असो, बसला.

आता नवापूर. या लाइनीवर उतरायचं असं एकच स्टेशन सांगा, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. हे स्टेशन दोन राज्यांत आहे. फलाटाचा थोडा भाग महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात. जास्तीचा गुजरातेत, तापी जिल्ह्यात. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. घोषणा चार भाषांत होतात, मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी. चौथ्या भाषेतली घोषणा संपेपर्यंत कधी कधी गाडीच येऊन उभी राहते. स्टेशन बांधलं तेव्हा हे सगळं एकाच मुंबई इलाख्याच्या नकाशात होतं. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली, सीमा आखली गेली आणि ती फलाटावरून गेली. कुणी फलाट हलवला नाही, हे फार बरं झालं.

फलाटावर एक बाक आहे. त्याच्या बरोबर मधून सीमारेषा गेली आहे आणि एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात असं रंगवून लिहिलं आहे. येणारा-जाणारा तिथे बसून फोटो काढून घेतो. आम्हीही घेतला. पण त्याआधी कोण कुठल्या राज्यात बसणार यावर चर्चा झाली. बायको महाराष्ट्रात बसली, माहेर त्या बाजूला म्हणून. आई तिच्या शेजारी. मुलगा गुजरातेत, कारण त्याची शाळा गुजराती माध्यमाची आणि बोर्डाची परीक्षा गांधीनगरच्या हातात. नानाही गुजरातेत बसले. मला वाटलं, पस्तीस-चाळीस वर्षं मिलमध्ये घालवलेला माणूस, मीठ खाल्लंय त्याला जागतोय. ते म्हणाले, ‘इकडे पंखा आहे.’ मला मधे बसवलं. मग फोटो काढायला माणूस हवा म्हणून उठवलं.

त्या बाकावर बसलं की गंमत अशी की काहीच वेगळं वाटत नाही. गुजरातेत दारूबंदी आहे, महाराष्ट्रात नाही, हे बाकाच्या लाकडाला ठाऊक नाही. चहावाला दोन्हीकडे तोच. तो आधी गुजरातीत ओरडतो, मग मराठीत, आणि आमच्यासारखं कुणी दिसलं की थेट अहिराणीत. आम्ही सुरतेत असतो तेव्हा लोक आम्हाला ‘मराठी’ म्हणतात. गावी गेलो की ‘सुरतवाले आले’. नवापूरच्या फलाटावर मात्र आम्हाला कुणी काहीच म्हटलं नाही. इथले सगळेच थोडे इकडचे, थोडे तिकडचे. गावात शिरलं तर दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही लिप्या, आजूबाजूला मावची, भिल्ल, गावित कुटुंबांची वस्ती, रंगावली नदी आणि कोंबड्यांचे फार्म. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो इथल्याच कोंबड्यांत. तेव्हा सगळ्या देशानं नवापूरचं नाव ऐकलं होतं. बाकासाठी ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

तिथून पुढची गाडी यायला बराच वेळ होता. हीच खरी मेख आहे आणि बेत करणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. ही शहरातली लोकल नव्हे. सगळ्या एक्स्प्रेस मधल्या स्टेशनांवर थांबत नाहीत आणि थांबणाऱ्या गाड्या तासातासाला येत नाहीत. एक चुकली की दुपारची संध्याकाळ होते. म्हणून कुठे काय पाहायचं ते इतिहास ठरवत नाही, वेळापत्रक ठरवतं. आम्ही नंदुरबारला उतरलो ते दिवस कलताना, त्यामुळे शिरीषकुमारचं स्मारक पाहिलं आणि मिरचीच्या पथाऱ्या राहिल्या. सीझनमध्ये शहराबाहेर मैलभर लाल मिरची वाळत घातलेली असते, तिला इथे पथारी म्हणतात, आणि वारा तिकडून आला तर स्टेशनावरसुद्धा शिंका येतात. शिरीषकुमार मेहता हा गुजराती घरातला, नंदुरबारचा शाळकरी पोरगा. 9 सप्टेंबर 1942 ला तिरंगा हातात घेऊन मिरवणुकीत निघाला आणि पोलिसांच्या गोळीला बळी पडला, सोबतचे चार सवंगडीही गेले. मराठी शाळेत आम्ही हा धडा शिकलो. माझ्या मुलाच्या गुजराती पुस्तकात तो नव्हता, आणि पोरगा तर गुजराती घरातला. मुलानं स्मारकावरची नावं सावकाश वाचली. आई म्हणाली, ‘चला आता, जेवायचं बघा.’ शेवभाजी मिळाली, तिखट होती, नानांनी दोनदा मागितली.

दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा ही स्टेशनं आम्ही दुसऱ्या दिवशी खिडकीतूनच पाहिली. या गावांवर अन्याय होतो आहे हे मला कबूल आहे, पण बेतात कुणावर तरी अन्याय व्हायचाच. अमळनेरला मात्र बायको हट्टानं उतरली. बोरी नदीच्या काठचं हे गाव तालुक्याचं आहे, पण त्यानं केलेली कामं जिल्ह्याच्या गावालाही जमली नसती. श्रीमंत प्रताप शेठांनी 1916 मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरण्यांचा मालक वेदान्ताची संस्था काढतो, हे आमच्या मिलच्या शेठला सांगून पाहायला हवं. साने गुरुजी आधी त्या मंदिरात आले आणि मग इथल्या शाळेत मास्तर झाले. 1945 मध्ये वनस्पती तुपाचा एक कारखाना इथे निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. 2024 च्या फेब्रुवारीत 97 वं मराठी साहित्य संमेलन इथेच भरलं. बायकोला यांतलं काहीही पाहायचं नव्हतं. तिला मंगळ ग्रहाच्या देवळात जायचं होतं. त्या दिवशी मंगळवार होता आणि रांग पाहून नाना म्हणाले, ‘मंगळावर यान लवकर पोचेल.’ आम्ही बाहेरूनच हात जोडले. तत्त्वज्ञान मंदिरात अजिबात रांग नव्हती.

धरणगावला गाडी मिनिटभर थांबते. बालकवी ठोमरे इथे 1890 मध्ये जन्मले. झरे, पाखरं आणि उन्हं लिहिणारा हा कवी 1918 मध्ये जळगावच्या पुढच्या भादली स्टेशनात रूळ ओलांडताना गाडीखाली सापडला. वय अठ्ठावीससुद्धा पुरं नव्हतं. फाटक असो, पूल असो, रूळ ओलांडू नका असं आई प्रत्येक स्टेशनावर मुलाला सांगत होती, ते या लाइनीवर वाढलेल्या बायकांच्या बोलण्यात पिढ्यान्‌पिढ्या आलेलं असावं.

पाळधी गेलं, गिरणेचा पूल आला आणि आईनं डबा मांडीवरून उचलून डोक्यावर घेतला. गाव आलं म्हणजे आता तिच्या हातात कारभार. घरी पोचल्यावर सगळ्यांनी विचारलं, इतका उशीर का झाला? गाडी खराब झाली का? आई म्हणाली, ‘नही रे भो, आमीन उतरत उतरत वनूत.’ आणि मग ज्या तोऱ्यात तिनं नवापूरच्या बाकाची गोष्ट सांगितली, त्यावरून बेत तिनंच केला होता असा सर्वांचा समज झाला. तो कुणी दुरुस्त केला नाही.

आता माझं मत विचाराल तर आठ थांब्यांचा बेत करू नका. वर्तुळ प्रवासाच्या तिकिटानं माणूस स्टेशनं मोजतो, पाहत नाही. गावी जाताना एकच थांबा घ्या. डोंगर चढणारे गुडघे असतील तर सोनगड, नसतील तर नवापूर. दिवाळीच्या गर्दीत नको, श्रावणात जा, तेव्हा डांगाकडची बाजू हिरवीगार असते आणि जनरलच्या डब्यात बसायला जागा मिळते. जड सामान आधी कुणाबरोबर तरी पुढे पाठवा. आणि उतरल्या उतरल्या, चहाच्याही आधी, पुढच्या गाडीची वेळ विचारून घ्या. नवापूरला ती स्टेशनमास्तरांना विचारायची असेल तर गुजरातेत जावं लागेल आणि तिकीट काढायला परत महाराष्ट्रात यावं लागेल, तेव्हा हाताशी थोडा वेळ ठेवा.